‘उपलब्ध नत्र वाढले’: एका लाडक्या वाक्याची चिकित्सा

गेले तीन महिने इथे काही लिहिलं नाही. आळस हे एक कारण आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. पहिल्या वर्षी गोळा केलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी निम्म्याहून जास्त नमुने मला बाजूला काढावे लागले आणि त्यानंतर सिनॉप्सिसची दोन प्रकरणं नव्याने लिहावी लागली.

झालं असं. मोताळा तालुक्यातल्या एका ई-क्लास जमिनीवर चार वर्षांचं रोपवन आहे. तिथे मी ऑगर घेऊन प्रत्येक निवडलेल्या झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर माती काढत होते. बाजूला पाणी घालणाऱ्या मजूर बायांपैकी एक मावशी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मॅडम, ही माती इथची नाई. गाळ अन् शेणखत आम्हीच टाकलं होतं खड्ड्यात.”

मी हसून मान डोलावली आणि पुढच्या झाडाकडे गेले. संध्याकाळी एसटीत बसल्यावर त्यांच्या बोलण्याचा अर्थ डोक्यात शिरला. मी रोपवनाची माती मोजतच नव्हते. मावशींनी चार वर्षांपूर्वी घमेल्याने टाकलेलं शेणखत मोजत होते.

माझ्या सेमिनारच्या स्लाइडवर तोवर एक वाक्य होतं: ‘वृक्षलागवडीमुळे मातीतील उपलब्ध नत्र वाढले.’ हे वाक्य माझं एकटीचं नाही. रोपवनांवरचे प्रबंध, प्रकल्प अहवाल, वर्तमानपत्रातल्या यशकथा, सगळीकडे ते थोड्याफार फरकाने सापडतं. कुणी ते खोटेपणाने लिहितं असं मी म्हणत नाही. पण त्यातल्या एकेका शब्दाखाली काय दडलंय ते कुणी फारसं उकरत नाही. आज तेवढंच करायचंय. टीका दुसऱ्यांवर आहे तितकीच माझ्यावरही आहे.

‘मातीतील’: म्हणजे नक्की कुठल्या मातीतील?

आधी खड्ड्याचाच हिशोब करू. समजा ३ मीटर × ३ मीटर अंतरावर रोपं लावली. हेक्टरी साधारण १,१११ रोपं बसतात. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब-रुंद धरला तर एका खड्ड्याचं क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर. सगळे खड्डे मिळून २२५ चौरस मीटर. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. म्हणजे बुंध्याजवळ नमुना घेणारा माणूस सव्वादोन टक्के जमीन मोजतो आणि निष्कर्ष शंभर टक्क्यांवर काढतो. झाड वीस वर्षांचं असेल, मुळं आणि पालापाचोळा सगळीकडे पसरला असेल, तर ही चूक कमी होते. पण तीन-चार वर्षांच्या रोपवनात दोन खड्ड्यांमधली जागा म्हणजे अजून जुनं बरडच असतं.

दुसरी गोष्ट दगडांची. आपल्या जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हा भेद सगळ्यांना माहीत आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. घाटावर आणि अजिंठ्याच्या डोंगरउतारांवर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. बुलढाण्याहून बोथामार्गे खामगावला जाताना रस्त्याकडेच्या कापात हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. लागवड बहुतेक कुठे होते? अर्थातच उतारावर आणि ई-क्लासवर, कारण भारी जमीन कोण सोडेल?

प्रयोगशाळेत मात्र आपण माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतो, गोटे फेकून देतो आणि उरलेल्या बारीक मातीचं विश्लेषण करतो. मग ‘किलो प्रति हेक्टर’ काढताना ठरलेला आकडा वापरतो: वरच्या १५ सेंटिमीटर थरात २२.४ लाख किलो माती. हा आकडा घनमीटरला जवळपास दीड टन, दगड शून्य, असं गृहीत धरून आलेला आहे. शेतासाठी ठीक. पण जिथे थराचा एक तृतीयांश भाग दगड-मुरूम आहे, तिथे बारीक माती साधारण १५ लाख किलोच भरते. मग कागदावरचे २०० किलो नत्र प्रत्यक्षात १३४ च्या आसपास येतात. उरलेले ६६ किलो चाळणीवर राहिलेल्या दगडांच्या नावावर जमा झालेले असतात. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो. एका हेक्टरमागे तीन गोण्या नत्र आपण हवेत निर्माण केलं!

‘उपलब्ध’: कुणाला?

आपल्याकडे ‘उपलब्ध नत्र’ म्हणजे जवळजवळ नेहमी एकच पद्धत असते. बी. व्ही. सुब्बैया आणि जी. एल. असिजा यांनी १९५६ साली ‘करंट सायन्स’मध्ये दिलेली. मातीत अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेट घालायचं, उकळायचं, बाहेर पडलेला अमोनिया पकडून मोजायचा. हेक्टरी २८० किलोच्या खाली ‘कमी’, ५६० पर्यंत ‘मध्यम’, त्यावर ‘जास्त’. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाल्यापासून ही ‘कमी, मध्यम, जास्त’ची भाषा गावागावात पोचली आहे.

पद्धत स्वस्त आहे, झटपट आहे, आणि शेतपिकाला खताची मात्रा ठरवायला तिचा देशभर उपयोग झाला आहे. हे मान्यच. पण रोपवनात ती वापरताना दोन अडचणी येतात.

पहिली: ही पद्धत नायट्रेट मोजत नाही. परमँगनेट सेंद्रिय पदार्थाचा काही भाग फोडून त्यातलं नत्र अमोनियाच्या रूपात मोकळं करतं. मातीत आधीपासून असलेलं अमोनियमही त्यात येतं. नायट्रेट मात्र चंचुपात्रातच राहतं. त्याला अमोनिया करायचं तर देवार्डा मिश्रधातूसारखं काहीतरी वेगळं घालावं लागतं, आणि ते या पद्धतीत नाही. आता आपली माती बघा. चुनखडीयुक्त, अल्कधर्मी, हवा खेळती असेल तेव्हा जिवाणू अमोनियमचं नायट्रेट भराभर करून टाकतात. म्हणजे झाडाला जे नत्र मुख्यतः मिळतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर जे मुख्यतः वाहून जातं, नेमकं तेच आपल्या ‘उपलब्ध’च्या बाहेर आहे. रुग्णाचा ताप घेतला, पण थर्मामीटर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला लावला, तसा हा प्रकार.

दुसरी अडचण आकड्याच्या अर्थाची. समजा सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के आहे. २२.४ लाख किलो मातीत ११,२०० किलो कर्ब झाला. कर्ब-नत्र गुणोत्तर ११ धरलं तर एकूण नत्र साधारण १,००० किलो. त्यातलं वर्षभरात जिवाणूंच्या हातून मोकळं होणारं नत्र काही टक्केच असतं. मग २०० किलो ‘उपलब्ध’ म्हणजे काय? ते वर्षाचं उत्पन्न नाही, हातातली रोकडही नाही. तो एक निर्देशांक आहे: या रसायनाने इतक्या वेळात जेवढं फोडलं तेवढं. निर्देशांक म्हणून वापरा, हरकत नाही. पण ‘झाडांनी जमिनीला हेक्टरी तीस किलो नत्र दिलं’ असं वाक्य त्यावरून लिहिता येत नाही. मी लिहिलं होतं.

‘वाढले’: कधीपासून कधीपर्यंत?

माझी दुसरी चूक इथली. लागवड नसलेल्या बरडावरचे नमुने मी मे महिन्यात घेतले होते आणि रोपवनातले जुलैमध्ये, कारण मध्ये कोर्सवर्कची परीक्षा होती. फरक आला, छान ग्राफ झाला.

एच. एफ. बर्च या संशोधकाने पूर्व आफ्रिकेत काम करताना दाखवलेली गोष्ट १९५८ पासून नोंदलेली आहे. कडक वाळलेली माती पहिल्यांदा भिजली की जिवाणूंची एकदम झुंबड उडते, कुजण्याचा वेग वाढतो आणि थोड्या दिवसांत भरपूर नत्र मोकळं होतं. याला बर्च परिणाम म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळ्या शब्दांत ठाऊक आहेच. मृगाचं पहिलं पाणी पडल्यावर जमिनीचा जो वास येतो आणि बांधावरचं गवत चार दिवसांत जे तरारतं, त्यात या झुंबडीचाही वाटा आहे. आपल्याकडे माती फेब्रुवारीपासून वाळत जाते आणि जूनमध्ये अचानक भिजते. हा उसळीचा काळ सोडून नमुना घेतला तर एक आकडा, उसळीत घेतला तर दुसरा. झाडांचा त्यात काहीही हात नसला तरी.

यातून रोपवनाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट कळते. राज्यात २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टं होती, आणि मुहूर्त १ जुलैचा. रोप खड्ड्यात पडतं तेव्हा जूनच्या पावसाने मोकळं केलेल्या नत्राचा मोठा भाग गवताने घेतलेला असतो किंवा पाण्याबरोबर खाली गेलेला असतो. पहिली एक-दोन वर्षं रोपाचं मूळ इतकं लहान असतं की पुढच्या जूनची उसळही ते फारशी पकडू शकत नाही. मग ती पकडतं कोण? दोन रोपांमधलं गवत.

अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुक जंगलात १९६५ च्या हिवाळ्यात एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली आणि पुढची तीन वर्षं तणनाशक मारून काहीच उगवू दिलं नाही. ओढ्याच्या पाण्यातलं नायट्रेट कित्येक पटींनी वाढलं. नंतर उगवण होऊ दिल्यावर ते पुन्हा खाली आलं. तिथली माती आम्लधर्मी, हवामान थंड, त्यामुळे आकडे इकडे आणता येत नाहीत. पण तत्त्व आणता येतं: नत्र धरून ठेवतात ती जिवंत मुळं, मग ती कुणाचीही असोत. ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून आख्ख्या रोपवनाची निंदणी करून जमीन उघडी पाडणं म्हणजे नत्राला वाट करून देणं. रोपाभोवती आळ्यापुरती निंदणी पुरते.

‘वृक्षलागवडीमुळे’: खरंच झाडांमुळे?

एकाच जागी दहा वर्षं थांबायला पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला वेळ नसतो. म्हणून आपण एक वर्षाचं, पाच वर्षांचं आणि दहा वर्षांचं अशी तीन वेगवेगळ्या ठिकाणची रोपवनं घेतो आणि ती एकाच जागेची तीन वयं आहेत असं समजतो. या युक्तीत गृहीत धरलेल्या गोष्टी किती ठिसूळ असू शकतात, यावर जॉन्सन आणि मियानिशी यांनी २००८ मध्ये चांगलंच झोडपलं आहे. आपल्याकडचं उदाहरण घ्या. जुनं रोपवन आजवर टिकलं, कारण कदाचित तिथली माती मुळातच बरी होती. जिथे माती वाईट होती तिथलं रोपवन मेलं, आणि मेलेल्या रोपवनाचा नमुना कोणी घेत नाही. मग ‘वयाबरोबर नत्र वाढतं’ ही रेघ आपोआप वर जाते.

शिवाय लागवडीबरोबर आणखी दोन गोष्टी येतात: चराईबंदी आणि समतल चर. गुरं थांबली की गवत वाढतं, गवताची मुळं कुजतात, कर्ब वाढतो. चरांत वाहून आलेली माती साठते. यातलं श्रेय झाडाचं किती, कुंपणाचं किती, चराचं किती? हे वेगळं करायचं तर कुंपण आहे, चर आहे, पण झाडं नाहीत असा तुकडा शेजारी हवा. तो मी ठेवला नव्हता.

मग येतो शेंगांचा मुद्दा. ‘शेंगवर्गीय झाडं हवेतलं नत्र जमिनीत बांधतात’ हे शाळेपासून पाठ आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि आपल्या काळ्या पाषाणात तो नसल्यासारखाच, त्यामुळे हवेतून येणारं नत्र मोलाचं हे खरं. पण शेंग आली म्हणजे गाठी आल्या असं नसतं. गुलमोहर, चिंच, बहावा, काशिद यांना शेंगा आहेत, मुळांवर रायझोबियमच्या गाठी नाहीत. सुबाभूळ, गिरिपुष्प, शिरीष, करंज, शिसव, बाभूळ यांना गाठी येतात. प्रजातींच्या यादीत काशिद आणि गुलमोहर ‘नत्र स्थिरीकरण करणारी’ म्हणून मोजलेले मी स्वतः पाहिले आहेत. तपासायला प्रयोगशाळाही लागत नाही. पावसाळ्यात कोवळं मूळ हळूच उकरा, गाठ मिळाली तर नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती कामावर आहे.

आणि नत्र वाढलं म्हणजे चांगलंच झालं का? हवाईच्या ज्वालामुखीच्या नव्या जमिनींवर बाहेरून आलेलं मिरिका फाया हे नत्र बांधणारं झाड पसरलं. पीटर व्हिटुसेक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की त्यामुळे तिथे येणारं नत्र चौपटीहून वाढलं. तिथे ही तक्रार म्हणून नोंदली गेली, कारण कमी नत्रावर जगायला सरावलेल्या स्थानिक वनस्पतींचं गणित त्यामुळे बदलतं. इंग्लंडमध्ये रोदमस्टेडला १८५६ पासून चालू असलेल्या कुरणाच्या प्रयोगातही नत्रखत मिळालेल्या तुकड्यांत वनस्पतींच्या जाती घटल्या. आपल्या ई-क्लासवर पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं आहेत आणि त्यांच्यावर मेंढ्या-गुरं जगतात. तिथे दाटीने गिरिपुष्प लावून ‘नत्र वाढले’ म्हणून टाळ्या वाजवण्याआधी, ते कुणासाठी वाढलं हे विचारायला हवं. ओसाड मुरमाड खाण असेल तर तेच झाड उपकारक ठरेल. प्रश्न जागेचा आहे.

मग करायचं काय?

नुसती टीका सोपी असते, म्हणून माझ्यापुरतं काय ठरवलं ते सांगते. नमुने खड्ड्यातले वेगळे, दोन खड्ड्यांमधले वेगळे. प्रत्येक जागी दगडांचं प्रमाण आणि मातीची घनता मोजायची, २२.४ लाखाचा ठरलेला आकडा वापरायचा नाही. नायट्रेट आणि अमोनियम पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात काढून वेगवेगळं मोजायचं. सगळ्या जागांचे नमुने एकाच आठवड्यात, आणि उसळीच्या आधी, उसळीत आणि पावसाळा संपताना असे तीनदा. शिवाय मातीचा गोळा पॉलिथिनच्या पिशवीत बांधून त्याच जागी महिनाभर पुरून ठेवायचा आणि किती नत्र मोकळं झालं ते आधी-नंतर मोजून काढायचं. ही एनो यांची १९६० ची युक्ती. खर्च पिशवीचा आणि एसटीच्या तिकिटाचा. सुब्बैया-असिजा पद्धत मी सोडलेली नाही, जुन्या कामांशी तुलना करायला ती लागेलच. फक्त तिला तिच्या जागी बसवलं आहे.

यामुळे माझं किमान एक वर्ष वाढणार आहे. फेलोशिप मात्र वाढणार नाही. गाईड म्हणाले, “जुन्या नमुन्यांवर पेपर होऊ शकतो, कोणी विचारणार नाही.” नंतर थोडं थांबून म्हणाले, “पण तू ठरव.” कोणी विचारणार नाही हे खरंच आहे, आणि मला तेच जास्त खुपलं. कारण असे वीस पेपर झाले की त्यांची सरासरी निघते, सरासरीवरून शिफारस निघते आणि शिफारशीवरून पुढच्या ई-क्लासवर काय लावायचं ते ठरतं.

आता काकांचा प्रश्न. माझे काका घाटाखाली कोरडवाहू शेती करतात. दिवाळीला घरी गेले की एकच विचारतात: “पोरी, तुह्या नत्राचं काय झालं मंग? झाडाखालची माती वावरात टाकू का?” दोन वर्षांपूर्वी मी ‘हो, चांगली असते’ म्हणाले होते. यंदाचं उत्तर थोडं लांब आहे. काका, चार वर्षांच्या रोपवनातली माती खरवडून आणू नका. ती तुमच्या मातीपेक्षा श्रीमंत असेल असं मी सिद्ध केलेलं नाही, आणि तिथल्या रोपांचं मात्र नक्की नुकसान होईल. धुऱ्यावर गिरिपुष्प लावा आणि त्याचा हिरवा पाला पेरणीच्या सुमारास मातीत घाला. तो कोवळा असतो, नत्र भरपूर, लवकर कुजतो. सागाचा वाळका पाला तसाच मातीत गाडू नका. झाड पान गाळण्याआधी त्यातलं बरंच नत्र परत ओढून घेतं, आणि असा कर्बाने भरलेला पाला कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र उसनं घेतात. न कुजलेलं कुटार टाकल्यावर पीक पिवळं पडतं, तसंच. तो पाला आधी खड्ड्यात शेणाबरोबर कुजू द्या.

काका ऐकून म्हणाले, “म्हंजे तुले अजून माहीत नाई.” मी म्हटलं, बरोबर. जूनमध्ये पिशव्या पुरायला परत जातेय. त्या मावशी तिथे असतील तर कुठल्या खड्ड्यात गाळ टाकला होता आणि कुठल्या नाही, हे या वेळी आधी त्यांना विचारणार आहे.